वाफेच्या छोट्या इंजिनाची नळजोडणी

वाफेच्या छोट्या इंजिनाच्या नळ्या जोडताना प्रत्येक ठिकाणी विचारावे, की इथे वाफेचे पाणी होईल का आणि झालेच तर ते कुठे जाईल. नळीचा उतार, वळण आणि झडपेची जागा बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते. पुढील माहिती ३ बार दाबावर चालणाऱ्या, तांब्याचा बॉयलर असलेल्या इंजिनासाठी आहे. या दाबाला वाफेचे तापमान सुमारे १४४ अंश सेल्सिअस असते. शिसे-कथिलाचा डाग (सोल्डर) १८३ अंशांना वितळू लागतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होतो, म्हणून बॉयलरकडील सांध्यांना चांदीचाच डाग द्यावा.

वाफ आणणारी नळी ३/१६ इंच आणि बाहेर नेणारी पाव इंच असावी. दोन्ही फ्रिज-एसीचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. वाकवण्याआधी नळी नरम करावी लागते. तांबे ठोकल्या-वाकवल्याने कडक होते, आणि म्हणूनच पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे कारागीर घडवणीचे भांडे मध्ये मध्ये तापवतात. नळी ज्योतीवर अंधुक लाल होईपर्यंत तापवून सरळ पाण्यात बुडवावी. पोलाद अशाने कडक होते, तांबे होत नाही. बॉयलर ते इंजिन ही नळी ताठ सरळ बसवू नये. तापल्यावर ती लांबते, म्हणून एक मोकळे वळण ठेवावे आणि दोन्ही टोकांना सांधा हवा तेव्हा सोडवता येईल असे युनियन नट लावावेत.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेट बॉयलरच्या वाफेच्या भागावर बसतो. मध्ये कोणताही कॉक असता कामा नये. प्रेशर गेज मात्र थेट बसवू नये. त्याच्या नळीला यू आकाराचा बाक दिला की त्यात पाणी साठते, त्यामुळे दाब गेजपर्यंत पोचतो पण गरम वाफ पोचत नाही.

वाफ सुरू-बंद करणाऱ्या स्टॉप व्हॉल्व्हनंतर, शक्यतो इंजिनाजवळ, ल्युब्रिकेटर म्हणजे तेल देणारी डबी येते. संपूर्ण जोडणीत मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो, कारण एकही हलता भाग नसताना तो तेल पुरवतो. वाफेची नळी एका उभ्या डबीच्या वरच्या अंगातून आरपार जाते आणि डबीच्या आत तिला अर्ध्या ते एक मिलिमीटरचे छिद्र असते. डबी स्टीम ऑइलने, म्हणजे वाफेच्या सिलिंडरसाठीच्या तेलाने, भरलेली असते. छिद्रातून शिरलेल्या वाफेचे डबीत पाणी होते, ते तेलापेक्षा जड असल्याने तळाला जाते आणि तेवढेच तेल वर सरकून छिद्रातून वाफेत मिसळते. इंजिन थांबून दाब पूर्ण शून्यावर आल्यानंतरच डबीखालचा स्क्रू सोडावा. आधी पाणी येते, मग तेल, आणि पाणी जेवढे निघाले तेवढे तेल खर्च झाले असे धरावे.

सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ पसरलेली असते आणि अरुंद नळीत ती पिस्टनला उलट रेटते. ही नळी सतत उताराने तेल-पाणी वेगळे करणाऱ्या डबीत न्यावी आणि तिथून वाफ धुराड्यात सोडावी. डबीतले तेलकट पाणी बॉयलरमध्ये परत घालू नये, कारण त्याला फेस येऊन पाणी वाफेबरोबर ओढले जाते.

बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या हँडपंपाच्या नळीवर, बॉयलरला लागून, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. पंपाकडची नळी हाताला गरम लागू लागली, तर व्हॉल्व्हमधली गोळी नीट बसत नाही असे समजावे. पुण्यातल्या बोअरच्या पाण्याने नळांवर जो पांढरा थर धरतो, तोच या गोळीखालीही बसतो, म्हणून ते पाणी टाळावे.

नव्या बॉयलरची चाचणी थंड पाण्याने, आतली हवा पूर्ण काढून, दुप्पट म्हणजे ६ बार दाबाला करावी. त्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बूच लावावे. हवेने चाचणी कधीही करू नये. सांधा सुटला तर पाणी गळते, दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते.

पहिल्यांदा चालवताना स्टॉप व्हॉल्व्ह किंचितच उघडून फ्लायव्हील हाताने पुढे-मागे फिरवावे. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते. ऑसिलेटिंग म्हणजे स्वतःच डुलणारा सिलिंडर स्प्रिंगवर थोडा उचलला जाऊन ते सोडून देतो, पण वाफेची ये-जा छोट्या दट्ट्याने उघडझाप करणाऱ्या पिस्टन व्हॉल्व्हच्या इंजिनात त्याला वाटच नसते, आणि पाणी दबत नसल्याने जोर केल्यास दांडा वाकतो. अशा इंजिनाचे ड्रेन कॉक उघडे ठेवावेत आणि त्यांतून पाण्याऐवजी कोरडी वाफ येऊ लागल्यावरच बंद करावेत.