मृगाआधी मे महिन्याचं पाणी मोजा, मगच झाडांचा आकडा ठरवा

माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचा पट्टा. इथं घराभोवतीच्या झाडांचं दरसाल एकच होतं. जुलैत हौसेनं २५ रोपं लागतात, दिवाळीपर्यंत हिरवीगार दिसतात आणि पुढच्या मेमध्ये त्यातली २० जळून जातात. कीड नाही, रोग नाही. पाणी कुणी मोजलेलंच नसतं.

मोजायची वेळ आत्ता आहे. एकदा पाऊस पडला की टंचाई कुणाच्या ध्यानात राहत नाही. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी सलग तीन दिवस बादलीनं मोजा. त्यात टाकीचं पाणी धरा. ६०० चौरस फूट पत्र्यावरून ५०० मिलिमीटर पावसात, गळती-उडती वजा जाऊन, २२ हजार लिटर तरी मिळतं. पण हिशेबात घ्यायचं ते साठवलेलंच. ५,००० लिटरची टाकी फेब्रुवारीअखेर भरलेली राहिली, तर मार्च ते मे दिवसाला ५४ लिटर हाती येतं. टाकी झाकलेली हवी. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या.

मेमध्ये कोवळ्या झाडाला दिवसाला साधारण १० लिटर धरा. रोजच्या पाण्याला १० नं भागा आणि आलेला आकडा निम्मा करा. हे निम्मं करणं कुठल्या शिफारशीत नाही, पण टँकर आठवडाभर चुकतोच.

जास्त झाडांना थोडंथोडं पाणी दिलं की काय होतं, ते आळं उकरून बघा. वर दोन बोटं ओल, खाली ठणठणीत कोरडं. मुळं त्या दोन बोटांत पसरतात आणि मेचं ऊन आधी तेवढाच थर भाजतं. म्हणून रोज तांब्याभर ओतू नका. चार-पाच दिवसांचं पाणी एकदम द्या. वीतभर खालची माती मुठीत वळली पाहिजे.

झाडं निवडतानाही तोच हिशेब. बोर आणि सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळतात. दोन-तीन वर्षं जगवली की फार मागत नाहीत. शेवगा एक-दोन, मोरीच्या पाण्यावर. लिंबू एकच, कारण ते मोठं झालं की आजच्या पाच-सहा पट पाणी पितं. कुंपणाला करवंद. बोरीचं तयार कलम विकत आणू नका. खड्ड्यातच गावठी बोराचं बी टोका आणि पुढच्या वर्षी त्या रोपावर उमराण जातीच्या बोरीचा डोळा भरा, म्हणजे तिच्या फांदीवरची कळी सालीत बसवा. सोटमूळ तुटत नाही, खर्चही नाही.

बाकीची कामं:
- खड्डा २ × २ × २ फूट, मेअखेर खणून उन्हात तापवणे.
- भरताना शेणखत १०-१५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो, निंबोळी पेंड १ किलो.
- लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, पहिल्या सरीवर नाही.
- खरिपात गवार, भेंडी, चवळी, दोडका. थंडीत मेथी, पालक. उन्हाळ्यात एकच वाफा.
- मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क: १० लिटर पाण्याला अर्धा किलो कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळून.

दुकानात हायड्रोजेलची पुडी आणि ‘मुळ्या वाढवणारं’ टॉनिक पुढं करतील. जेल पाणी धरतं हे खरं, पण धरायला आधी पाणी लागतं. त्या पैशात मातीच्या घागरी येतात. झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, तोंड झाका. आळ्यात तुरीचं किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र टेकू देऊ नका, वाळवी चढते. कपड्यांच्या पावडरचं पाणी आळ्यात सोडू नका, काळी माती दगडासारखी आवळते.

आणि गेल्या वर्षीची जास्तीची झाडं आत्ता उभी असतील, तर सगळ्यांना अर्धी-अर्धी बादली वाटत बसू नका. फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवी असलेली चार-पाच झाडं निवडा, पाऊस येईपर्यंत सगळं पाणी त्यांनाच द्या. बाकीच्यांचं आजच थांबवा.