उपकरणाला खरी वेळ देताना: ईएसपी३२ आणि एनटीपी

ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला नेटवर्कशी जोडायचं, कॉन्फिगटाइम या फंक्शनला 'पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग' हा पत्ता द्यायचा, की एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारण्याच्या पद्धतीने, वेळ येते. काम एका ओळीचं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी सांगते ते त्यापुढचं: आपल्याकडची वेळ खरी आहे की नाही, हे उपकरणाला ओळखता आलं पाहिजे.

कारण हे फंक्शन उत्तरासाठी थांबत नाही. प्रोग्राम पुढे सरकतो आणि नुकत्याच चालू झालेल्या बोर्डाचं घड्याळ तोवर १ जानेवारी १९७० हीच तारीख धरून असतं. तेवढ्यात टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणी करायला गेलात आणि प्रमाणपत्राची मुदत तपासणं चालू असेल, तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र नाकारलं जातं. उपकरणाच्या लेखी त्याची मुदत अजून सुरूच झालेली नसते. अशा वेळी काही जण प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतात. ते मला अजिबात पटत नाही. वेळ जुळल्याचा कॉलबॅक (तसं झाल्यावर आपोआप चालणारं आपलं फंक्शन) मिळतो, तो येईपर्यंत जोडणी करू नका. येतच नसेल तर आधी फायरवॉल बघा, एनटीपी ज्यावरून चालतं तो यूडीपीचा पोर्ट १२३ अडवलेला असू शकतो.

एकदा आलेली वेळ तशीच राहत नाही. बोर्डाच्या घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल दहा लाखांत २० भागांनी चुकत असेल, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. ईएसपी-आयडीएफ, म्हणजे या बोर्डाची अधिकृत सॉफ्टवेअर चौकट, मुळात दर तासाला वेळ पुन्हा विचारतं, तेवढं बहुतेक कामांना पुरतं. त्याहून घाई नको, आणि सर्व्हरचा आयपी पत्ता कोडमध्ये कायमचा घालणं तर नकोच. २००३ साली नेटगिअरच्या काही राउटरांत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता असाच घातलेला होता. उत्तर न मिळाल्यास ते राउटर दर सेकंदाला विचारत राहायचे, आणि विद्यापीठाच्या नेटवर्कवर पाकिटांचा पूर आला.

वेळ दुरुस्त होताना घड्याळ मागेही जाऊ शकतं. म्हणून दोन घटनांमधलं अंतर त्यावर मोजू नका. त्यासाठी बोर्ड चालू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद मोजणारा ईएसपी-टायमर आहे. प्रत्येक नोंदीत मी हा आकडाही ठेवते. त्याचा मोठा उपयोग असा, की वेळ जुळण्याआधी घेतलेली रीडिंग फेकून द्यावी लागत नाहीत. जुळल्या क्षणीचा आकडा आणि खरी वेळ हाती असली, की वजाबाकी करून मागच्या प्रत्येक रीडिंगची वेळ काढता येते. मध्ये बोर्ड रीसेट झाला तर मात्र हा हिशेब तुटतो.

नेटवर्कशिवायही वेळ हवी असेल तर डीएस३२३१ ही आरटीसी, म्हणजे स्वतःच वेळ राखणारी चिप लावा. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक दहा लाखांत २ भागांच्या आत असते. तिच्यात यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा. सुरू होताना तिचा ओएसएफ बिट वाचायला विसरू नका: तो १ असेल, तर मध्ये कधीतरी तिचा ऑसिलेटर, म्हणजे तिचं घड्याळ चालवणारा भाग, थांबला होता. अशी वेळ न वापरता एनटीपीची वाट बघा, वेळ आली की चिपमध्ये लिहा आणि मग तो बिट ० करा.