गावकीवरचं संशोधन मांडायला निघालात? मग आधी हे बघा

पेनड्राइव्ह, ओळखपत्र, सारांशाच्या दोन छापील प्रती, चार्जर. हे काही सांगायला नको. एवढंच सांगते की मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीपीटीसोबत पीडीएफ ठेवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात आणि सादरीकरणाच्या दहातली तीन मिनिटं तिथंच जातात.

आता खरं काम. गावकी म्हणजे गावाचे निर्णय घेणारी पारंपरिक बैठक, वाळीत टाकणं, देवळातला मान, कुळाची जमीन, बंदरावर मासे विकायच्या जागा, असल्या विषयांवर कोकण किनाऱ्यावरच्या गावांत तुम्ही मुलाखती घेतल्या असतील, तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला द्या. तुमच्याशी बोललेलं माणूस ओळखू येता कामा नये. गेल्या वर्षी आमच्या गटाचं नेमकं हेच राहिलं. नावं बदलली होती, पण वाडी, वय आणि धंदा तसाच ठेवला होता. प्रश्नोत्तरं संपायच्या आतच मागच्या रांगेतल्या कुणीतरी ते घर कुणाचं हे शेजाऱ्याला सांगून टाकलं. पुढे त्या घरातल्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते आमच्यामुळे.

नुसतं नाव बदलून भागत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मुंबईत ‘पन्नाशीतली मासेविक्रेती’ म्हटलं तर शेकडो निघतील. आपल्याकडे वाडीचं नाव घेतलं की निम्मी ओळख पटते. कोळीवाडा, भंडारवाडा, बौद्धवाडी, दालदी (मुस्लिम मच्छीमार) मोहल्ला म्हणालात की जात कळली. त्यात ‘विधवा’ आणि ‘मुलगा बोटीवर तांडेल’ (बोटीचा प्रमुख) एवढं जोडलंत की घर कळलं. आडनाव घ्यायची गरजच पडत नाही. म्हणून गावाचं नाव काढा, वाडीचं काढा, जमलं तर तालुकाही काढून ‘रायगडच्या किनाऱ्यावरचं एक गाव’ एवढंच ठेवा. वय दहा वर्षांच्या टप्प्यात द्या. मुद्द्याला लागत नसेल तो तपशील कितीही बोलका असला तरी गाळा. ‘यंदा पालखी आमच्या दारात आली नाही’ हे वाक्य ठेवा, ते वाळीत टाकलेल्या कितीतरी घरांचं आहे. पण कुठल्या शिमग्यात, कुणाच्या लग्नावरून बिनसलं, हे ठेवलंत तर ते एकाच घराचं होतं.

फोटो एकेक करून मोठा करून बघा. होडी किंवा ट्रॉलर दिसत असेल तर बाजूवर रंगवलेला नोंदणी क्रमांक वाचता येतो का? ‘आयएनडी एमएच’पासून सुरू होणारा तो क्रमांक म्हणजे मालकाचा पत्ताच. देवळाचा कळस, दारावरचा घर क्रमांक, ग्रामपंचायतीची पाटी, मागे उभा असलेला शेजारी, हे सगळं बघा. चेहऱ्यावर काळी पट्टी मारली आणि मागे गावाची कमान तशीच राहिली, तर त्या पट्टीचा उपयोग काय? मोबाइलच्या फोटोत जागेची नोंदही लपलेली असते. ती काढून टाका. आवाजाची क्लिप सभागृहात मुळीच लावू नका, गावातल्या माणसाला आवाज पुरतो.

तक्ते तपासा. ‘बौद्ध, महिला, मासेविक्री’ अशा रकान्यात १ हा आकडा असेल तर तो आकडा नाही, ते माणूस आहे. तिथं दोन गट एकत्र करा.

आणि ऋणनिर्देश! सगळी पीपीटी झाकपाक करायची आणि शेवटच्या स्लाइडवर अमुक गावच्या सरपंचांचे, ग्रामसेवकांचे, अंगणवाडी ताईंचे नावानिशी आभार मानायचे, हे सर्रास होतं. फायलींच्या नावांतही हीच चूक असते. ‘मुलाखत अमुकताई’ नावाची फाईल डेस्कटॉपवर आणि प्रोजेक्टर चालू. तसं होऊ देऊ नका. प्रत्येक मुलाखतीला क्रमांक द्या, क्रमांक आणि नावांची यादी वहीत ठेवा, ती वही घरी ठेवा.

हे सगळं झालं की ज्यांनी मुलाखत दिली त्यांनाच त्यांचा उतारा वाचून दाखवा आणि विचारा, ‘यावरून तुम्ही कोण ते कळेल का?’ आपल्याला न दिसलेली खूण त्यांना लगेच दिसते. पण वाळीत असलेल्या घरी पुन्हा पुन्हा जाऊ नका, कोण कुणाकडे गेलं ते गाव बघत असतं. तालुक्याच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी, एसटी स्टँडवर भेटा. संमतीच्या कागदावर सही करायला कुणी कचरत असेल तर आग्रह नको. आधी समजावून सांगून तोंडी होकार घ्या आणि तो नोंदवा. हो म्हणालेलं माणूस नंतर नको म्हणालं तर तो उतारा काढायचा, मग तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा असला तरी.

कायदा पक्का करून जा, परीक्षक विचारतातच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, अंमल २०१७पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो मुख्यतः एका समाजाने आपल्याच माणसाला तोडण्याबद्दल आहे. दलित किंवा आदिवासी कुटुंबावर इतरांनी बहिष्कार घातला असेल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. २०१५च्या दुरुस्तीने त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख आला. या दोन्हींची गल्लत करू नका. मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला होता, हेही ठाऊक असू द्या.

आकड्यांचं एक सांगते. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. एवढ्यावरून ‘इथे स्त्रियांची स्थिती चांगली’ असं लिहू नका. पुरुष मुंबईला चाकरीला गेले आणि बाया मागे राहिल्या, म्हणून तो आकडा तसा दिसतो. तुमच्या विषयाला तेच महत्त्वाचं आहे. गावकीचे निर्णय गणपतीला, शिमग्याला आलेले चाकरमानी आणि गावातले पुरुष मिळून घेत असतील, तर बाकी वर्षभर तो बहिष्कार विहिरीवर, दुकानात, मयताच्या घरी कोण सोसतं, हे मांडा. आमच्या मुलाखतींत सगळ्यात जड भाग हाच निघाला.

गावकीची बाजूही प्रामाणिकपणे ठेवा. ती पाखाडी (दगडी पायवाट) बांधते, मयताला माणसं उभी करते, देऊळ सांभाळते. ते लपवलंत तर कोकणातला कुठलाही श्रोता तुमचं बाकीचं ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

इतिहासाला एक स्लाइड. महाडचा १९२७चा सत्याग्रह आणि अलिबागजवळच्या चरी गावचा १९३३ ते १९३९चा शेतकरी संप, दोन्ही आपल्याच मातीतले, पण त्यांच्यावर अर्धा वेळ घालवलात तर मुलाखती राहतील.

सराव घड्याळ लावून करा, मोठ्याने. ‘हे गाव कुठलं?’ हा प्रश्न येणारच, कधी परीक्षकांकडून, कधी चहाच्या टेबलावर अगदी आपुलकीने. गटातल्या प्रत्येकाचं उत्तर एकच हवं, ‘ते सांगणार नाही असा शब्द दिलाय.’ नुसतं नाव बदलून भागत नाही आणि नुसती पीपीटी साफ करूनही भागत नाही. जेवणाच्या रांगेत जीभ सैल सुटली तर सगळं पाण्यात.

बाकी पटापट. आयोजकांच्या संगणकावरची फाईल काढून या. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाखती टाकल्या असतील तर पुसा. स्टेजवरचे फोटो पोस्ट करण्याआधी मागच्या पडद्यावर काय दिसतंय ते बघा. निष्कर्ष गावात जाऊन सांगायचे, पण शिमग्यात आणि गणपतीत नको, तेव्हा मानापानावरून आधीच तापलेलं असतं. आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवा.