समुपदेशकांचं प्रशिक्षण: या चुका टाळा

गुणांचा हिशोब आधी करा. आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंद असलेल्या मानसशास्त्रज्ञाला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १०० सीआरई गुण, म्हणजे मान्य प्रशिक्षणातून मिळणारे गुण, लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टरला ५ वर्षांत ३० क्रेडिट. ही खाती वेगळी आहेत. शिबिराची फी भरायच्या आधी त्याला मान्यता कोणाची आणि गुण किती, हे माहितीपत्रकात बघा. पाचव्या वर्षी धावाधाव करणारा विषय निवडत नाही, मिळेल ते उरकतो.

खरी अडचण मात्र पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, घेऊन गावात बसल्यावर येते. प्रश्नावली मराठीत असली तरी पुस्तकी वाटते. वऱ्हाडात उदासी "गमत नाही" म्हणून येते, नाहीतर "डोकं जड रायते", "हातपाय गळते" अशी. प्रश्न छापल्याप्रमाणे वाचा, कळला नाही तर गावच्या शब्दांत फोड करा. गुण मात्र ० ते ३ हेच. आणि नुसती बेरीज बघू नका. २७ पैकी बेरीज ५ असली तरी नवव्या प्रश्नाला १ मिळाला, तर तिथंच थांबून पुढचं विचारायचं.

हा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. नवखे तो "तसं काही नाही ना?" असा विचारतात, मग "नाही" हेच ऐकू येणार. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येते का?" विचारल्यानं तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. होकार आला, की कसा, कधी, घरात काय ठेवलं आहे, हे एकेक करून विचारा. इथं एक शब्द घात करतो. कापसाच्या पट्ट्यात "औषध" म्हणजे फवारणीचंही, आणि "औषध घेतलं" म्हणजे विष पिलं. म्हणून "डॉक्टरची गोळी" आणि "फवाऱ्याचं औषध" असं वेगळं बोला. डबे त्या माणसाच्या हाती लागणार नाहीत असे दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला घरच्यांना सांगा, माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्ये तिथंच टाकून द्या.

हे सगळं भाषणातून येत नाही, जोडीजोडीनं बोलून येतं. सहा तासांच्या शिबिरात निदान दोन तास त्याला ठेवा. शिबिर पेरणीत किंवा वेचणीत लावलं, तर आशाताई येतील कशा? त्यांचंही शेत असतं.

नंतर पंधरा दिवसांनी केसवर चर्चा ठेवा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर झाली तर रुग्णाचं नाव, फोटो टाकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. गावाचं नावही नको. ६०० वस्तीच्या गावात "चाळिशीचा, कर्जबाजारी, बायको माहेरी" एवढ्यावरच माणूस ओळखू येतो.