पीटीचा तास आता मी मागत नाही

मी धनकवडीतल्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं, जानेवारी लागला की दहावीचा पीटीचा तास मी मागून घ्यायचे, पोर्शन संपवायला. मुलं काही बोलायची नाहीत, मैदानाकडे बघत वह्या उघडायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून शाळेत मुलांना आरोग्य आणि पैशांचे व्यवहार शिकवायचे असतील, तर पहिलं काम हे करा. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय वेळापत्रकात आहेच. त्याचा तास कुणालाही उसना द्यायचा नाही, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करून घ्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. दोन आयांनी मनावर घेतलं तरी विषय पुढे सरकतो. सोबत आठवड्याला एक तास आरोग्य आणि पैशांसाठी मागा. तो सक्तीचा असू द्या, पण त्याला मार्क नकोत. मार्क आले की गाईड येतं.

सुरुवात नाडीपासून करा. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. मग एका सकाळी पर्वतीवर न्या. चढण्याआधीचे ठोके, वर पोचल्यावरचे आणि दोन मिनिटं बसल्यानंतरचे, तिन्ही आकडे वहीत लिहायचे. ठोके किती लवकर खाली येतात ते महिन्या-महिन्याला बघा. कोण आधी वर पोचलं याची नोंद नको. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी पालकांशी बोला.

नंतर बिस्किटांची रिकामी पाकिटं मागवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे साखर कितव्या जागी आहे ते आधी शोधायचं. मग त्रैराशिक. शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर आणि पुडा ६० ग्रॅमचा असेल, तर १५ ग्रॅम होते, जवळजवळ चार चहाचे चमचे. ते टेबलावर कागदावर काढून दाखवा. मासिक पाळीचा तास मुलामुलींना एकत्रच घ्या.

पैशांच्या तासाला माझा जीव जास्त गुंततो, त्याला कारण आहे. आईने शिवणकाम करून साठवलेले पैसे एका पतसंस्थेत अडकले. काउंटर, पासबुक, सगळं बँकेसारखंच होतं, आणि व्याज जास्त. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे मला चाळिशीत कळलं. आता आठवीच्या मुलांना मी घरी विचारून यायला सांगते, पैसे बँकेत, पोस्टात, पतसंस्थेत की भिशीत? रक्कम मात्र कधीच विचारायची नाही. कुणाच्या घरचं वर्गात उघडं पडता कामा नये.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं. पोस्टात ५०० रुपयांत खातं उघडतं. शक्य असेल तर वर्गाला एकदा पोस्टात घेऊन जा आणि स्लिप मुलांनाच भरू द्या. खाडाखोड होईल, होऊ द्या.

नववी-दहावीला हप्त्याचं गणित घ्याच. १२,००० चा मोबाईल, बारा हप्ते, दुकानदार सांगतो 'फ्लॅट पंधरा टक्के'. व्याज १,८००, हप्ता १,१५०. आता दर हप्त्यात हजार मुद्दल फिटते असं धरून, प्रत्येक हप्त्याआधी किती मुद्दल बाकी असते ते मुलांना लिहायला लावा आणि बारा आकड्यांची सरासरी काढा. ती ६,५०० येते. म्हणजे वापरायला मिळाले सरासरी साडेसहा हजार आणि व्याज भरलं अठराशे, ढोबळमानाने अठ्ठावीस टक्के. इथे वर्ग शांत होतो. घाई करू नका, त्यांना पुन्हा मोजू द्या.

फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवा: पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. खाली १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आणि वही घरी नेऊ द्या. गेल्या शनिवारी नववीतल्या एकीची आई ती वही घेऊन आली. फ्रिज हप्त्याने घ्यायचा होता आणि गणित तिला स्वतः करून बघायचं होतं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पायरीवर बसलो, तिसऱ्या हप्त्यापासून पेन तिच्याच हातात होतं.