वस्तीत टेनिस सुरू करायचंय? आधी चेंडू बदला

टेनिसचा प्रसार करायला निघालेले स्वयंसेवक बहुतेकदा पिवळ्या चेंडूमुळेच फसतात. नियमाप्रमाणे हा चेंडू 254 सेंटिमीटरवरून सोडला की 135 ते 147 सेंटिमीटर उसळतो. सात वर्षांच्या मुलाच्या तो डोक्याजवळून जातो. मूल दोनदा हुकतं, तिसऱ्यांदा कंटाळतं आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. दोष मुलाचा नसतो. लहान मुलांसाठी मिळणारा लाल टेनिस चेंडू त्याच उंचीवरून 90 ते 105 सेंटिमीटरच उसळतो आणि हळू येतो, म्हणून तो कमरेच्या आसपास सापडतो. जुने, दम गेलेले पिवळे चेंडू चालतील असं वाटतं, पण त्यांतला एक उसळतो आणि दुसरा बसतो. लाल चेंडू नसलेच तर फोमचे घ्या. दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू 2012 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीच बंद आहे.

जागेसाठी टेनिस कोर्टच हवं असं नाही. 11 मीटर लांब आणि 5.5 मीटर रुंद सपाट, कोरडी जागा मिळाली की लाल चेंडूचं एक कोर्ट झालं. मागे धावायला दोन्हीकडे दोन-तीन मीटर मोकळे ठेवा. रेषा खडूने आखा. दगड किंवा विटा ठेवू नका, धावताना पाय मुरगळतो. पूर्ण कोर्ट हाताशी असेल तर त्याची दुहेरीची रुंदी 10.97 मीटर असते, म्हणजे छोटी कोर्टं आडवी टाकली तर चार बसतात.

नेट 80 सेंटिमीटरचं. दोन खुर्च्यांना दोरी बांधली तरी भागतं, पण नुसती दोरी बांधू नका. चेंडू वरून गेला की खालून, यावर प्रत्येक गुणाला भांडण होतं. दोरीवर जुनी ओढणी किंवा चादर टाकून चिमटे लावा. खुर्च्यांवर वजन ठेवा, नाहीतर दोरी मधे झोळ खाते. उंची मोजायची ती मध्यभागी.

रॅकेटचं माप सोपं आहे. हात सरळ खाली सोडून रॅकेट पायालगत धरली की टोक जमिनीला जेमतेम टेकावं. साधारण सहा ते आठ वर्षांच्या मुलांना 21 किंवा 23 इंची पुरते. मोठ्यांची 27 इंची दिली तर मूल ती मुठीच्या वरून, दांड्याच्या मधोमध पकडतं आणि ती सवय मोडता मोडत नाही.

पहिला तास 45 मिनिटांचा ठेवा, बारा मुलांमागे दोन स्वयंसेवक. एक जण चेंडू टाकतोय आणि बाकीचे रांगेत उभे, असं चित्र दिसलं की समजा गाडी चुकली. रांगेतली मुलं खेळत नाहीत, एकमेकांना रॅकेटने मारतात. सगळ्यांच्या जोड्या लावा. आधी रॅकेटने चेंडू जमिनीवरून सरपटत जोडीदाराकडे. मग हाताने टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा, जोडीदाराने झेलायचा. त्यानंतर एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने रॅकेटने हळूच परत द्यायचा. शेवटी नेटवरून दोघांनीही रॅकेटने. जोड्यांमध्ये निदान तीन मीटर अंतर हवं. डावखुरं मूल त्याच्या बाजूच्या ओळीत डाव्या टोकाला उभं करा, नाहीतर शेजाऱ्याच्या रॅकेटशी टक्कर ठरलेली.

पकड, पाय, खांदा यांवर भाषण नको. 'किती वेळा न चुकता?' एवढंच विचारा. चार फटक्यांची रॅली, म्हणजे चेंडूची सलग देवाणघेवाण, झाली की मुलं स्वतःच पाचवा मोजतात. सर्व्हिस, म्हणजे गुण सुरू करणारा पहिला फटका, खालून हाताने चालते. वरून सर्व्हिस शिकवण्याचा मोह पहिल्या महिन्यात आवरा, त्याने अर्धा खेळ चेंडू आणण्यात जातो. सामने सात गुणांचे किंवा तीन मिनिटांचे, मग कोर्ट बदला. हरलेल्याला बाहेर बसवू नका.

पालक कडेला उभे राहून सूचना देतात, त्यांना काम द्या: चेंडू गोळा करणं, गुण मोजणं. दोघांतिघांना खालून हाताने चेंडू टाकायला शिकवा, पुढचे स्वयंसेवक त्यांतूनच मिळतात. प्रत्येक मुलाच्या पालकाचा फोन आणि दमा, ॲलर्जीसारखी माहिती आधीच लिहून घ्या. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत. फोटो टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

'पुन्हा कधी?' याचं उत्तर मुलं निघण्यापूर्वीच तयार हवं: तोच वार, तीच वेळ, तीच जागा, चिठ्ठीवर लिहून. जमलं तर रॅकेट आठवडाभर घरी न्यायला द्या, वहीत नोंद करून.