संदर्भसूचीतली नावं बिघडतात कुठे? या चुका टाळा

गेल्या महिन्यात गोव्याच्या इतिहासावरच्या एका प्रबंधाची संदर्भसूची तपासत होतो. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारोस यांचं नाव त्यात तीन तऱ्हांनी आलं होतं. ‘जुआंव’च्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘ए’च्या डोक्यावर लहर असते. एका ठिकाणी ती बरोबर होती, दुसरीकडे नुसताच बोडका ‘ए’, आणि तिसरीकडे नावाच्या मधोमध चक्क पौंडाची खूण! ‘‘सर, हे मी तीनदा दुरुस्त केलंय, तरी पुन्हा तसंच होतं,’’ प्रबंध लिहिणारी मुलगी रडकुंडीला आली होती.

ती दुरुस्ती वर्डमध्ये करत होती. सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. वर्डमधली सूची म्हणजे झोटेरो, मेंडेले किंवा एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींची नुसती प्रत. नवा संदर्भ घातला किंवा रिफ्रेश केलं, की सूची मूळ नोंदींवरून पुन्हा तयार होते आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. नाव त्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतल्या नोंदीत सुधारा, मग वर्डमध्ये रिफ्रेश करा.

आता तो पौंड. लहरीचा ‘ए’ यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) दोन बाइट्समध्ये साठवला जातो. फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामने तिला जुन्या विंडोज एन्कोडिंगमधली समजलं, तर त्या दोन बाइट्सची दोन वेगळी अक्षरं दिसतात: लहरीचा कॅपिटल ‘ए’ आणि पौंडाची खूण. फ्रेंच नावांतल्या तिरक्या रेघेच्या ‘ई’चं असंच झालं, की पौंडाऐवजी कॉपीराइटची खूण येते. अशी जोडी दिसली की टायपिंगला दोष देऊ नका, चूक इम्पोर्टमध्ये, म्हणजे डाउनलोड केलेल्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये आणताना झाली आहे. आणि शेकडो नोंदी हाताने सुधारत तर मुळीच बसू नका. डाउनलोड केलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिथे नाव नीट दिसत असेल तर बिघडलेल्या नोंदी काढून टाका आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा इम्पोर्ट करा. एंडनोटच्या इम्पोर्ट खिडकीत ‘टेक्स्ट ट्रान्सलेशन’ नावाचा पर्याय असतो, तिथे हे निवडायचं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची) फाईल मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करण्याचा मोह टाळा. साध्या सीएसव्हीत सेव्ह केली, तर देवनागरी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.

बोडका ‘ए’ मात्र माणसाचीच चूक. ‘कीबोर्डवर नाही’ म्हणून चिन्ह सोडून दिलं जातं. एकाच लेखकाच्या दोन नोंदींत पहिलं नाव असं वेगळं पडलं, की सॉफ्टवेअर त्यांना दोन माणसं समजतं. मग एपीएसारख्या संदर्भ देण्याच्या शैलीत, कंसातल्या उल्लेखात आडनावाआधी अचानक आद्याक्षर किंवा पूर्ण नाव उगवू शकतं. लोक त्याचं कारण शैलीच्या फाईलमध्ये शोधत बसतात. मला वाटतं, नाव त्या माणसाचं आहे, ते तो लिहितो तसंच लिहायला हवं. आपलं आडनाव कुणी चुकीचं छापलं तर आपल्याला लागतंच ना?

टाइप करणं अवघड नाही. विंडोजमध्ये ‘यूएस-इंटरनॅशनल’ कीबोर्ड जोडा. लहरीची कळ, मग ‘ए’ दाबला की झालं. ॲपॉस्ट्रॉफी आणि ‘सी’ दाबलं तर शेपटीवाला पोर्तुगीज ‘सी’ मिळतो. नुसती ॲपॉस्ट्रॉफी हवी असेल तर तिच्यानंतर स्पेसबार दाबायचा. मॅकवर अक्षराची कळ दाबून धरली की पर्यायांची पट्टी उघडते. ऑल्ट आणि ०२२७ ही जुनी युक्तीही चालते, पण त्यासाठी उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड लागतो, आणि तो बऱ्याच लॅपटॉपवर नसतो.

पीडीएफमधून नाव कॉपी करताना सावध राहा. कधी लहर अक्षरापासून सुटून बाजूला पडते. कधी दिसायला सगळं ठीक असतं, पण आत अक्षर आणि चिन्ह असे दोन कोड असतात. हे ओळखायला आपल्याला सोपं आहे. ‘की’ टाइप करून बॅकस्पेस दाबला तर वेलांटी जाते आणि ‘क’ राहतो. तसंच बॅकस्पेसने नुसती लहर गेली आणि ‘ए’ राहिला, तर ते दोन कोड आहेत. ते अक्षर पुसून नव्याने टाइप करा. लॅटेक ही मजकूर मांडणीची प्रणाली वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं, कारण तिचं पीडीएफ बनवणारं पीडीएफलॅटेक अशा सुट्या चिन्हावर अडून एरर देतं. शिवाय तिथे संदर्भसूची बनवणारं जुनं बिबटेक यूटीएफ-८ जाणत नाही. चिन्हाच्या अक्षराने सुरू होणारं आडनाव ते थेट झेडच्या पुढे टाकतं. त्याऐवजी बिबलॅटेक आणि बायबर ही नवी जोडी वापरा, ही कटकट संपते.

संस्कृत-मराठी ग्रंथांची नावं रोमनमध्ये देणाऱ्यांसाठी एक सापळा वेगळाच आहे: आयएएसटी आणि २००१ चं आयएसओ १५९१९ या रोमन लिप्यंतराच्या दोन पद्धतींची भेसळ. अनुस्वाराचं टिंब आयएएसटीत ‘एम’च्या खाली येतं, आयएसओत वर. ‘एल’खाली टिंब म्हणजे आयएसओत आपला ‘ळ’, पण आयएएसटीत तोच ‘ऌ’ हा स्वर. टिळक, केळकर, मंगळवेढेकर अशी नावं सूचीत असतील, तर पहिली नोंद करण्याआधीच पद्धत ठरवा आणि गाईडलाही तसं सांगून ठेवा.